कोरडी चादर

क्वार्टरच्या एका नाण्यात ड्रायर सहा मिनिटं फिरतो.
लपलेल्या आकृत्यांना परीक्षेत मिळतात पाच.
उरलेलं एक मिनिट
पेन्सिल चावायला.

जंक्शन सिटी, कॅन्सस. रात्रीचे साडेदहा.
लॉन्ड्रीत मी आणि मिसेस प्रूट,
आणि कुणीतरी विसरून गेलेली निळी चादर.
रिकामा ड्रायर फिरवणं तिच्या जिवावर येतं,
म्हणून गेले सतरा दिवस
आम्ही एक कोरडी चादर वाळवतो आहोत.

मी सार्जंट ब्रूसार, हेलिकॉप्टरची मेकॅनिक.
रोटरच्या मुळाशी तळवा टेकवून सांगते
कुठलं बेअरिंग पुढच्या आठवड्यात कुरकुरेल.
नऊ वर्षं दुसऱ्यांना आकाशात धाडलं,
हँगरच्या दारात उभी राहून
कान लावून मोजलं त्यांचं परत येणं.
आता मला वर जायचंय, पुढच्या सीटवर,
तर हातात कागद देतात:
रेघांचं जाळं, त्यात पाचांपैकी एक आकृती.
ती लहान होत नाही, फिरत नाही,
कुणाच्या आड उभी नाही.
अख्खी समोर आहे, म्हणूनच सापडत नाही.

मागच्या वेळी अडतीस पडले. चाळीस लागतात.
आयुष्यात दोनदाच बसता येतं.
हे मी आईला सांगितलेलं नाही.
लेक चार्ल्सला फोन केला, पण त्याचं बोलले नाही,
कोळंबीचा भाव विचारून ठेवला.

मिसेस प्रूट युनिफॉर्मवर नावाच्या पट्ट्या शिवते.
ती उईजोंगबूची, इथे आली त्याला पंचेचाळीस वर्षं झाली.
नवरा गेला, मशीन राहिली, आडनाव राहिलं.
काल चष्मा कपाळावर सरकवून
तिने माझ्या कागदावर सुई टेकवली:
"हे काय इथे. बाहीसारखं."
मी घड्याळ बघितलं. चार सेकंद.
"कसं दिसलं?"
"कापडाला आडवं-उभं सूत असतं.
तुकडा फिरवायचा नसतो हे माहीत असलं
की अर्धं काम झालं.
आधी टोक शोध, ब्रूसार. पोट नंतर."

मग मी टोकं शोधू लागले.
अकरावर अडकायचे, ती एकोणीसवर पोचले.
पुढे फरशीत दिसू लागली ती इंग्रजी डी-सारखी आकृती,
मेसमधल्या वॅफलमध्ये, कर्नलच्या कपाळावर.
कर्नल म्हणाले, काही अडचण आहे का?
म्हटलं, नाही सर. सापडली.

दुसरा भाग खिडकीचा.
काचेतून किनारा दिसतो, तिरका.
विमान कुठे झुकलंय ते ओळखायचं.
क्षितिजाची डावी कड वर,
म्हणजे आपला डावा पंख खाली.
हे मला पाठ आहे. पटत मात्र नाही.
पोटातून काहीतरी दर वेळी उलटं ओरडतं.

ड्रायर थांबला की आम्ही चादर घडी करतो.
ती पावणेपाच फूट, मी जवळजवळ सहा.
चादर तिच्याकडे उतरत जाते,
सगळी ऊब तिच्या पोटाशी गोळा होते.
"सरळ धर," ती म्हणते.
"मी सरळच धरलीय."
"तू उंच आहेस. वाक."
मी गुडघ्यात वाकते.
निळी कड हळूहळू समपातळीत येते
आणि पोटातलं ते
क्षणभर गप्प बसतं.

परीक्षा मंगळवारी सकाळी आठला.
आज रविवार. सव्वीस आकृत्या, तीन चुकीच्या.
खिशात दोन नाणी.

तेवढ्यात दार ढकलून एक पोरगा आला,
नवा भरती, कान अजून लाल,
म्हणाला, महिन्याभरापूर्वी इथे माझी एक निळी...
मी घडी त्याच्या हातात दिली.
त्याने उलगडली, छातीशी धरून बघितली.
"माझीच आहे ना ही? आटलीय."

मिसेस प्रूटने सुईत दोरा ओवला,
दात लावून तोडला,
मान वर न करता म्हणाली,
"तू वाढलास."